ढकलगाडीची चाके कोणी निवडायची?



साखर गोदामासाठी नव्या ढकलगाड्या घेण्याचा विषय हंगामापूर्वी संचालक मंडळापुढे येणार आहे. दरपत्रके मागविली गेली आहेत. त्यांत सांगाड्याची लांबी-रुंदी आहे, पत्र्याची जाडी आहे, रंगसुद्धा आहे. चाकांबद्दल मात्र एकच ओळ आहे : 'चाके चार, उत्तम प्रतीची.' या एका ओळीवर आमचा आक्षेप आहे आणि तो उघडपणे मांडावा म्हणून हा लेख.

कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याने को ८६०३२ च्या बेण्यावर लिहावे, हुमणीवर लिहावे, चाकांच्या भानगडीत कशाला पडावे? बरोबर आहे. पण उसाचे एक कांडे फडातून निघाले की त्याची साखर होऊन गिऱ्हाइकाच्या घरी जाईपर्यंत त्याचा सगळा प्रवास चाकांवर होतो. बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, गोदामातली ढकलगाडी, मालमोटार, आणि शेवटी वाशीच्या बाजारातली हातगाडी. यांतले कोणतेही चाक कुरकुरले तरी त्याचा भार कोणाच्या तरी मानेवर, नाहीतर पाठीवर पडतो. बैलाच्या किंवा माणसाच्या. आम्ही फडात आणि गाडीतळावर बैलांच्या माना पाहतो, गोदामात हमालांच्या पाठी पाहतो. म्हणून बोलतो.

आपली बरीच साखर नवी मुंबईत वाशीच्या मसाला मार्केटात जाते हे बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. रोजच्या वर्तमानपत्रात 'वाशी मार्केट' आणि 'नाका डिलिव्हरी' असे साखरेचे दर छापून येतात, ते तिथलेच. मुंबईतल्या मशीद बंदर, दाणाबंदर, भायखळा या भागांतली दाटी कमी करण्यासाठी घाऊक बाजार खाडीपलीकडे न्यायचे ठरले. पहिल्यांदा १९८१ मध्ये कांदा-बटाटा गेला, आणि पुढल्या पंधरा वर्षांत मसाला, धान्य, भाजीपाला, फळे असे एकेक करून तिकडे गेले. बाजार गेले तशी माथाडी कामगारांची वस्तीही गेली. हे माथाडी कोण? निम्म्याहून जास्त तर आपल्याच घाटमाथ्यावरची, जावळी-पाटणची, माण-खटावची माणसे वाटावीत अशी तिथली बोली आहे. आपण इकडे पोते भरून शिवतो आणि तिकडे आपल्याच गावचा कोणी तरी ते उतरवून घेतो, असा हा व्यवहार आहे.

गोदामाच्या कामाच्या निमित्ताने आम्ही त्या बाजारात दोन दिवस मुद्दाम फिरलो. भाव विचारायला नव्हे, चाके बघायला. तिथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. गाळ्यांच्या बाहेर रस्त्यावर चालणाऱ्या हातगाडीला दोनच चाके, पण ती मोठी, कमरेला लागतील एवढी. गाळ्याच्या आत फरशीवर चालणाऱ्या गाडीला चार चाके, पण वितीएवढी. असे का, म्हणून एका टोळीच्या मुकादमाला विचारले. तो म्हणाला, "साहेब, रस्त्यावर खड्डा हाय, गटाराची जाळी हाय, पावसाळ्यात पानी हाय. ल्हान चाक त्यात बसलं म्हंजे उठत न्हाई. आत काय, फरशी गुळगुळीत. तिथं मोठ्या चाकाची गाडी वळवायची कुठं?" मुकादम शाळेत किती शिकला होता ते विचारले नाही. पण जाड इंग्रजी पुस्तकांत जे लिहिलेले असते ते त्याने तीन वाक्यांत सांगितले.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एक सेंटीमीटर उंचीचा उंबरठा किंवा फरशीचा उचललेला सांधा आडवा आला असे धरा. चार इंची चाक त्यावर चढवायला त्या चाकावर जेवढे वजन असेल त्याच्या सुमारे पाऊणपट जोर लागतो. आठ इंची चाकाला निम्म्याच्याही थोडा आत. उंबरठा तोच, पोती तीच, माणूस तोच. फक्त चाकाचा व्यास दुप्पट झाला आणि जोर एक-तृतीयांशाने उतरला. आपल्या जुन्या गोदामात तीन ठिकाणी फरशीचे सांधे उचलले आहेत आणि दाराशी लोखंडी पट्टी आहे. त्या पट्टीवर रोज किती वेळा गाडी अडते आणि दोघे-तिघे 'हो... हो...' करून ती कशी पार करतात, हे ज्याला बघायचे असेल त्याने सकाळी दहा वाजता यावे.

आता भाराकडे वळू. एका गाडीवर वीस पोती धरली तर पन्नास किलोप्रमाणे एक टन होतात. गाडीचे स्वतःचे वजन दीडशे किलो धरू. एकूण साडेअकराशे. दरपत्रक करणारा काय करतो? साडेअकराशेला चारने भागतो. एका चाकावर २८८ किलो येतात. मग तो तीनशे किलो क्षमतेची चाके लावतो आणि झाले म्हणतो. पण फरशी आरशासारखी सपाट नसते. गाडी चालताना एखादे चाक खड्ड्यावरून जाते, अधांतरी होते, आणि तेवढ्या वेळेपुरता सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. तीन पायांची तिवई डुगडुगत नाही, चार पायांचा पाट डुगडुगतो, हे घरोघरी ठाऊक आहे. म्हणून चार चाकांच्या गाडीचा भार तीनने भागायचा असतो. साडेअकराशेला तीनने भागले की ३८३ होतात, म्हणजे चारशे किलोचे चाक पाहिजे. तीनशेचे लावले तर ते पहिल्याच महिन्यात मोडेल असे नाही. ते हंगामाच्या मध्यावर, ऐन गर्दीत मोडते. गेल्या हंगामात आपल्याकडे असेच एक फिरते चाक मानेतून तुटले, गाडी कलली, वरची पोती सरकली आणि एका हमालाच्या पावलाचे हाड मोडले. तो दोन महिने घरी होता. चौकशीत 'जादा पोती भरल्यामुळे' असा शेरा पडला. पोती वीसच होती, आम्ही मोजली होती.

आमच्या मते यात हमालांची चूक नव्हती आणि ज्याने चाक पुरवले त्याला तरी काय म्हणावे? आपण त्याच्याकडे 'उत्तम प्रत' मागितली होती, भार किती ते सांगितलेच नव्हते.

फिरते चाक म्हणजे ज्याला कारखान्यातले लोक रिव्हॉल्विंग म्हणतात आणि दुकानदार कॅस्टर म्हणतो ते. ते कुठे बसवायचे हा दुसरा मोठा प्रश्न, आणि यात आपल्याकडे फार अंदाधुंदी आहे. जुन्या गाड्यांपैकी काहींना फिरती चाके पुढे आहेत, काहींना मागे, दोन गाड्यांना चारही फिरती आहेत आणि एका गाडीला कर्णावर, म्हणजे एक पुढे डावीकडे आणि एक मागे उजवीकडे! ती गाडी सरळ जातच नाही. हमालांनी तिला एका नेत्याचे नाव दिले आहे, ते इथे छापता येत नाही.

नियम सोपा आहे. जिकडे मूठ तिकडे फिरती चाके, आणि समोर सरळ, न फिरणारी. ढकलणारा माणूस मागून गाडीची शेपटी डावी-उजवी करतो, पुढची सरळ चाके रुळासारखी वाट धरतात. नावाडी सुकाणू मागे धरतो, तसेच. गाडी ओढून न्यायची असली तरी मूठ असते तिकडेच फिरती चाके येतात. ट्रॅक्टरमागची चार चाकी ट्रॉली आठवा, तिचे वळणारे चक्र दांडीकडेच असते. चारही चाके फिरती ठेवली तर अरुंद जागेत गाडी कशीही सरकवता येते खरी, पण लांब पल्ल्यावर ती सारखी भरकटते आणि उतारावर आडवी जाते. तिला सरळ ठेवण्यातच माणसाचा निम्मा जोर जातो. आपल्या गोदामाची लांबी लक्षात घेता अशा गाड्या आपल्या कामाच्या नाहीत. सहा चाकांची गाडी हा एक चांगला प्रकार आहे. मधली दोन सरळ चाके किंचित उंच, कोपऱ्यांत चार फिरती. ती जागच्या जागी गरकन वळते. पण मधल्या दोघांवर बहुतेक सगळा भार येतो, त्यामुळे ती दोन फार दणकट लागतात. शिवाय दारातल्या उतारावर ती गाडी पुढे-मागे डुलते. सपाट जागेत ठीक, आपल्याकडे नको.

चाके सांगाड्याच्या किती कडेला बसवावीत यावरही वाद होतो. फिरत्या चाकाचा आस त्याच्या मानेच्या बरोबर खाली नसतो, थोडा मागे सरकलेला असतो. म्हणूनच ते गाडीमागे आपोआप वळते. पण गाडी उलटी नेली की चाक गिरकी घेऊन आत जाते आणि गाडीचा पाया तेवढा आखूड होतो. चाके आधीच फार आत बसवली असतील तर अशा वेळी काठावरच्या पोत्याने गाडी कलते. फार बाहेर बसवली तर तेच चाक ढकलणाऱ्याच्या अंगठ्यावरून जाते. तेव्हा गिरकी घेतानाही चाक सांगाड्याच्या रेषेबाहेर डोकावणार नाही, इतकेच कडेला घ्यावे. आणि एक चाक बदलायचे झाले तर उंची बरोबर तीच पाहिजे. आपल्या वर्कशॉपमध्ये हाताला लागेल ते चाक बसवतात. पाव इंचाने उंच चाक बसले की तो कोपरा उचलला जातो आणि भार कर्णावरच्या दोघांवर येतो. मग तीनने भागण्याचाही उपयोग नाही, दोननेच भागावे लागेल.

चाक कशाचे असावे याबद्दल थोडक्यात सांगतो. बिडाचे चाक चिवट, पण फरशी फोडते आणि आवाज एवढा की बोललेले ऐकू येत नाही. रबराचे गुपचूप चालते, पण ढकलायला जड, आणि भरली गाडी रात्रभर उभी राहिली की खालून चपटे होते. सकाळी पहिला धक्का मारणाऱ्याला ते कळते. नायलॉनचे हलके चालते, भाराने चपटे होत नाही, मात्र खडा आला की अडते. बिडाच्या चाकावर पॉलियुरेथेनचा थर दिलेले चाक गोदामाच्या गुळगुळीत फरशीला सर्वांत बरे. महाग आहे. जिथे मळी सांडते, गरम पाणी असते, तिथे थर सुटण्याची भीती, तिथे नायलॉन ठीक. पण कोणतेही चाक घेतले तरी बेअरिंगला झाकण पाहिजे आणि ग्रीस भरायला जागा पाहिजे. भुशाची धूळ आणि साखरेचा ओलावा एकत्र आले की त्याचा जो चिकटा होतो तो चांगल्या चाकालाही जाम करतो. आमचे आजोबा बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगल्याशिवाय गाव सोडत नसत. आज लाखांच्या यंत्रांना ग्रीस देण्याचा तक्ता आपल्याकडे आहे, ढकलगाडीला नाही.

या विषयात बैलगाडीला बाजूला ठेवून चालणार नाही. आपल्याकडे अजूनही बराच ऊस टायरच्या बैलगाडीने येतो, आणि तिथेही प्रश्न तोच आहे : आस कुठे आणि भार कुठे. दोन चाकांच्या गाडीत मोळ्या आसाच्या पुढे जास्त भरल्या की जू बैलांच्या मानेवर बसते, मागे जास्त भरल्या की गाडी उलाळ होते आणि जू गळफासासारखे वर ओढते. जाणता गाडीवान पहिली मोळी आसावर टाकतो आणि मग पुढे-मागे समतोल करत जातो. पण तळावर लवकर नंबर लागावा म्हणून घाईत भरलेल्या गाड्यांत हा समतोल कुठे राहतो? उतारावर तर मागचे सगळे पुढे येते. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या साखराळे येथील राजारामबापू अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये यावर एक उपाय करून दाखविला. जुवाच्या बाजूला खाली आधाराचे एक चाक लावले, म्हणजे मानेवर येणारा भार जमिनीवर जाईल. 'सारथी' असे त्याचे नाव. त्याची छायाचित्रे तेव्हा देशभर फिरली. काळ्या मातीच्या ओल्या फडात लहान चाक रुतेल ही शंका आम्हाला आहे, पण पक्क्या रस्त्यावर त्याचा उपयोग झालाच पाहिजे. दोन-चार गाड्यांना असे चाक लावून आपण स्वतः का पाहू नये?

आणि कायद्यालाही चाके कळतात बरे का. ओझी वाहणाऱ्या जनावरांबद्दल केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. त्यांत बैलगाडीवर किती वजन घालावे हे सांगताना गाडीला बॉल बेअरिंग आहे का, हवेचे टायर आहेत का, हे बघून वेगवेगळी मर्यादा घातली आहे. माणसासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये पंचावन्न किलो ही एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा सुचविली. आपल्या राज्यात अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला. साखरेचे क्विंटलचे पोते जाऊन पन्नास किलोचे आले ही मोठीच सुधारणा. पण तेव्हापासून आपण समजतो की प्रश्न सुटला. पोते पन्नासचे झाले तरी ढकलगाडीवर वीस पोती असतात. ती चढावर न्यायची झाली तर? आपल्या दुसऱ्या गोदामाच्या दाराशी वीस फुटांत एक फूट चढ आहे. दिसायला काहीच नाही. पण साडेअकराशे किलोची गाडी तिथून वर नेताना, चाके कितीही उत्तम असोत, नुसत्या चढापायीच सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोंचा जोर सतत लावावा लागतो. चाकांचे घर्षण वेगळे. हात सुटला तर तेवढ्याच जोराने गाडी खाली येते. त्या गाड्यांना आज ब्रेक नाही, विटेचा तुकडा लावतात.

यावर आमच्या ओळखीच्या एका जाणत्या सभासदाचे म्हणणे असे : "अहो, गाडीच कशाला, पट्टा बसवा. मोठे कारखाने कधीच पट्ट्यावर गेले." पट्टा हवाच, आम्ही विरोधात नाही. पण पट्टा एका ठरावीक जागेपासून दुसऱ्या ठरावीक जागेपर्यंत जातो. थप्प्या बदलतात, जुना माल आधी काढावा लागतो, ओली पोती वेगळी करावी लागतात, आणि वीज जाते तीही ऐन वेळी. न्हावा शेवा बंदराच्या परिसरातल्या मोठमोठ्या गोदामांत यांत्रिक साधने भरपूर आहेत, तिथेही माणसाने हाताने ओढायचा पॅलेट ट्रक जागोजागी दिसतो. म्हणजे हाताची गाडी जाणार नाही. मग ती नीट असावी एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. सर्वांत कमी दराची निविदा सोडून वरची घेतली तर लेखापरीक्षक विचारणार. त्याला उत्तर आहे. निविदेतच एका चाकाची क्षमता चारशे किलो, व्यास आठ इंच, मुठीकडे दोन फिरती ब्रेकसह, समोर दोन सरळ, ग्रीसची सोय आणि झाकलेले बेअरिंग असे स्पष्ट लिहा. मग खुशाल सर्वांत कमी दर घ्या. आम्ही चौकशी केली त्याप्रमाणे साधी चाके आणि अशी चाके यांत एका गाडीमागे फरक पडतो तो फार तर एका क्विंटल साखरेच्या किमतीएवढा. एका पावलाच्या दुखण्यापायी आपण त्याहून जास्त भरले आहे, आणि त्या माणसाने काय भरले ते वेगळेच.

खरेदी समितीत अभियंता असतो, भांडारपाल असतो, हिशेबनीस असतो. गाडी ढकलणारा एकही नसतो. आमची सूचना अशी की हमाल टोळीच्या दोन्ही मुकादमांना या खरेदीपुरते समितीत बोलवावे, आणि एकदम पंचवीस गाड्या न घेता आधी दोन तऱ्हेच्या तीन-तीन घ्याव्यात. महिनाभर भरल्या पोत्यांनी चालवाव्यात आणि मुकादम ज्या पसंत करतील त्या बाकीच्या घ्याव्यात. अशी खरेदी लांबते, हे खरे. पण अग्निप्रदीपनाला अजून वेळ आहे. तोवर दाराची लोखंडी पट्टी आणि उचललेले तीन सांधे स्थापत्य विभागाने घासून सपाट करावेत, त्याला निविदा लागत नाही. बैलगाडीवाल्या सभासदांनी दसऱ्यापूर्वी आपल्या गाड्यांची बेअरिंगे आणि टायर गट कार्यालयात दाखवून घ्यावीत, ग्रीस आम्ही देऊ. 'सारथी'सारखे चाक लावून बघायला कोणी तयार असेल तर त्यांनी नाव कळवावे. पक्क्या रस्त्यावरचे गाडीवान असतील तर बरे.